टेम्प फायली पुसल्याने संगणक पळतो का?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप पुन्हा पुन्हा फिरत असतो. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, टक्केवारीच्या दोन चिन्हांमध्ये ‘टेम्प’ लिहा, दिसेल ते सगळं शिफ्ट-डिलीट करा. मग ‘प्रीफेच’ लिहून तेही उडवा. हे रोज करा, संगणक नव्यासारखा पळेल. यातला अर्धा भाग बरोबर आहे, म्हणून तो निरोप टिकून आहे. उरलेल्या अर्ध्याने संगणक उलट मंदावतो.

टेम्पचं, म्हणजे तात्पुरत्या फायलींचं, फोल्डर एकदा उघडून बघाच. ~डीएफने सुरू होणारी आणि डॉट टीएमपीने संपणारी लांबलचक नावं, कित्येकांचा आकार शून्य केबी. अधूनमधून एखादं भलंमोठं फोल्डर दिसतं. नवा प्रोग्राम टाकताना इन्स्टॉलरने स्वतःचं सामान तिथे उघडलेलं असतं. काम संपल्यावर ते ज्याचं त्याने आवरायचं असतं. पण मध्येच लाइट गेली, किंवा प्रोग्राम अडकला आणि जबरदस्तीने बंद करावा लागला, की आवरायचं राहून जातं. हा पसारा पुसायला काहीच हरकत नाही. एखादी फाइल वापरात असल्याचा संदेश आला तर ‘स्किप’ म्हणावं. नुकताच काही प्रोग्राम टाकला असेल आणि रीस्टार्ट बाकी असेल, तर आधी रीस्टार्ट करावं.

प्रीफेचचं तसं नाही. विंडोज एक्सपी 2001 साली आली तेव्हापासून ही सोय आहे. एखादा प्रोग्राम सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत कुठल्या फायलींचे कुठले तुकडे लागतात, याची नोंद विंडोज तिथे ठेवते आणि पुढच्या वेळी ते तुकडे आधीच आणून ठेवते. ही नोंद रोज उडवली तर विंडोजला रोज नव्याने शिकावं लागतं. ब्राउझरच्या कॅशचं, म्हणजे पाहिलेल्या साइटच्या साठवून ठेवलेल्या प्रतींचं, तेच. ती पुसली की रोजच्या साइटची तीच ती चित्रं पुन्हा इंटरनेटवरून आणावी लागतात.

मुळात नुसती पडून राहिलेली फाइल प्रोसेसर वापरत नाही, रॅमही वापरत नाही. टेम्पमध्ये दोन जीबी कचरा असला आणि ड्राइव्ह निम्मा रिकामा असला, तर तो पुसून वेगात तुम्हाला जाणवेल असा फरक पडणार नाही. ड्राइव्ह काठोकाठ भरत आला की मात्र चित्र बदलतं. ‘धिस पीसी’मध्ये सी ड्राइव्हची पट्टी लाल होते ना, दहा टक्क्यांहून कमी जागा उरल्यावर? त्या लाल पट्टीमागे जे घडतं, तो मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये जुन्या हार्ड डिस्कसारखी फिरती तबकडी नसते, एसएसडी असते, म्हणजे फ्लॅश मेमरी. तिचं मूळ 1967 सालचं. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये दावोन कांग आणि सायमन झी यांनी असा ट्रान्झिस्टर मांडला, ज्याच्या आत चारी बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेला एक कप्पा होता. त्यात इलेक्ट्रॉन अडकले की वीज बंद केली तरी तिथेच राहतात. पुढे तोशिबामधल्या फुजिओ मासुओका यांनी 1984 साली फ्लॅश मेमरी जगापुढे ठेवली, आणि आजच्या एसएसडीत असते ती नँड जातीची फ्लॅश 1987 साली.

चारी बाजूंनी बंद असलेल्या कप्प्यात इलेक्ट्रॉन शिरतो कसा? रोधकाचा थर काही नॅनोमीटर जाडीचा असतो. त्यावर वीसेक व्होल्टचा दाब दिला की इतक्या पातळ थरात प्रचंड विद्युतक्षेत्र तयार होतं आणि इलेक्ट्रॉन भिंत न ओलांडता तिच्या आरपार जातो. पुंजभौतिकीत याला टनेलिंग म्हणतात. प्रबळ विद्युतक्षेत्रात धातूतून इलेक्ट्रॉन असे कसे निसटतात, याचं गणित फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी 1928 सालीच मांडलं होतं. आपण सुट्टीतला फोटो सेव्ह करतो तेव्हा हेच घडतं. असा एकेक ट्रान्झिस्टर म्हणजे मेमरीची एक पेशी. टीएलसी, म्हणजे तीन बिट साठवणाऱ्या, प्रकारच्या पेशीत तर विद्युतभाराच्या आठ वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात, तेव्हा कुठे एका पेशीत तीन बिट मावतात.

लिहिण्याचा दाब पेशींच्या एकाच ओळीवर देता येतो. पुसताना इलेक्ट्रॉन उलटे बाहेर ओढायचे असतात आणि त्यासाठी दाब खालच्या सिलिकॉनच्या बाजूने द्यावा लागतो. ते सिलिकॉन लक्षावधी पेशींना सामाईक असतं. म्हणून लिहिणं पानापानाने होतं, एक पान साधारण 16 केबीचं. पुसणं मात्र अख्ख्या ब्लॉकचंच होतं, आणि एक ब्लॉक कित्येक एमबींचा. लिहिलेल्या पानावर पुन्हा थेट लिहिताही येत नाही, आधी पुसावंच लागतं.

लालबाग-परळच्या जुन्या चाळीचा पुनर्विकास डोळ्यांसमोर आणा. मधली एकच खोली पाडून नवी बांधता येत नाही, पाडायची तर अख्खी चाळ. मग जी बिऱ्हाडं अजून राहताहेत त्यांना आधी संक्रमण शिबिरात हलवायचं, तेव्हा कुठे इमारत पाडता येते. एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारी चिप, दिवसभर हेच करतो. ब्लॉकमधली कामाची पानं दुसऱ्या रिकाम्या ब्लॉकमध्ये लिहितो आणि मग जुना ब्लॉक पुसतो. शिबिरात जागा असली की हे सगळं तुमच्या नकळत उरकतं. ड्राइव्ह गच्च भरला की शिबिरच उरत नाही. तुम्ही लहानशी फाइल सेव्ह करता आणि तिच्यासाठी कंट्रोलरला त्याच क्षणी भरमसाठ पानं हलवावी लागतात. संगणक अडखळतो तो इथे. शिवाय या जादा लिहिण्यात पेशी झिजतात, कारण प्रत्येक टनेलिंग रोधकाच्या थराला थोडी इजा करून जातं.

फाइल डिलीट केल्यावर विंडोज फक्त स्वतःच्या नोंदवहीत ‘ही जागा मोकळी’ असं मांडते. ड्राइव्हला त्याचा पत्ताच नसतो. तो मेलेली पानंही जिवंत समजून इकडून तिकडे नेत बसेल. म्हणून ‘ट्रिम’ नावाची आज्ञा आली. 2009 सालच्या विंडोज 7पासून विंडोज ती ड्राइव्हला आपणहून पाठवते: या पानांचं आता काम नाही, हलवू नकोस. फाइल रीसायकल बिनमध्ये पडून असेपर्यंत ही आज्ञा जात नाही, कारण तिची जागा अजून तिच्याच नावावर असते. म्हणून बिन रिकामं करण्याला खरा अर्थ आहे.

एका सवयीबद्दल बोलायलाच हवं. डेस्कटॉपवर राइट-क्लिक करून धडाधड ‘रिफ्रेश’ मारणारे लोक मी घरोघरी, ऑफिसात, सायबर कॅफेत पाहिले आहेत. त्याने रॅम मोकळी होत नाही, वेग वाढत नाही. पडद्यावरची चिन्हं पुन्हा काढली जातात, एवढंच. ही निव्वळ अंधश्रद्धा आहे आणि आपण ती मुलांना शिकवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्जची नोंदवही, साफ करून देणाऱ्या फुकट प्रोग्रामांचा दावाही असाच पोकळ. अशा प्रोग्रामांच्या वापराला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. 2017 साली तर सीसीक्लीनर या लोकप्रिय सफाई प्रोग्रामच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि तो वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचला.

मग करायचं काय? सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात स्टोरेज, तिथे आपोआप सफाई करणारं ‘स्टोरेज सेन्स’ चालू करून ठेवा. तात्पुरत्या फायलींची यादी तिथेच दिसते. त्या यादीत डाउनलोड्सचंही नाव असतं. त्यावर खूण करण्याआधी दहादा विचार करा. लाइट बिल, निकाल, पॉलिसी, सगळं तिथेच असतं. ड्राइव्ह साधारण पंधरा टक्के मोकळा ठेवा. डीफ्रॅग, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणं, जुन्या तबकडीला उपयोगी, एसएसडीला नको. विंडोज 8 आणि पुढच्या आवृत्त्या हा फरक स्वतःच ओळखतात. आणि एवढं करूनही संगणक मंद असेल तर पंख्याच्या जाळीत बघा. मुंबईच्या दमट हवेत तिथे धुळीचा थर बसतो, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

जुना संगणक लॅमिंग्टन रोडला विकायला नेणार असाल तर हीच माहिती दुसऱ्या अंगाने कामाला येते. तबकडीवरची डिलीट केलेली फाइल, तिच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, तशीच शाबूत असते आणि परत काढता येते. ‘क्विक फॉरमॅट’नेही ती जात नाही. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट केलं तर सगळीकडे शून्यं लिहिली जातात. म्हणून तबकडीचं फॉरमॅट करताना ‘क्विक’वरची खूण काढा आणि त्याला लागतील तेवढे तास लागू द्या. एसएसडी असेल तर ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय चालू करा, आणि तो पूर्ण झाल्यावरच संगणक पिशवीत भरा.