बस-स्थाननोंदींवरून वाहतूक निरीक्षण

सार्वजनिक बसगाड्यांच्या जीपीएस नोंदी वापरून शहरातल्या रस्त्यांवरचा वेग आणि कोंडी यांचा अंदाज काढण्याची पद्धत. बसमध्ये स्थानदर्शक यंत्र बसवतात ते बस कुठवर आली हे नियंत्रण कक्षाला आणि थांब्यावरच्या प्रवाशाला कळावे म्हणून. तीच नोंद दुसऱ्यांदा वापरली की बसऐवजी रस्ता मोजता येतो. वाहतूक अभियांत्रिकीत अशा गाडीला ‘प्रोब’ किंवा शोधक वाहन म्हणतात. ती प्रवाहात मिसळून चालते आणि चालता चालता प्रवाहाची खबर देते. बसच्या बाबतीत मात्र ही खबर जशीच्या तशी घेता येत नाही. बसला उशीर झाला तर तो रस्त्यामुळे की बसच्या स्वतःच्या कामामुळे, हे आधी ठरवावे लागते. या पद्धतीतले बहुतेक गणित त्याच एका प्रश्नाभोवती फिरते.

बसच का

वाहतूक मोजण्याचे जुने साधन म्हणजे डांबराखाली पुरलेले तारेचे वेटोळे. वरून धातूची गाडी गेली की त्याचे प्रेरकत्व, म्हणजे एक विद्युत-चुंबकीय गुण, बदलते आणि गाडीची नोंद होते. पण वेटोळे एकाच जागेचे सांगते, रस्ता खोदला की तुटते, आणि सापडते ते मुख्यतः द्रुतगती मार्गांवर किंवा सिग्नलच्या चौकांत. दोन चौकांमधला रस्ता त्याच्या नजरेबाहेर राहतो. बसमार्ग नेमके याच रस्त्यांवरून जातात. सकाळपासून रात्रीपर्यंत बस त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जाते, तिचा मार्ग आधीच ठाऊक असतो, आणि तिचा माग काढल्याने कुणा खासगी माणसाच्या जाण्यायेण्याचा माग निघत नाही. यंत्राचा खर्चही परिवहन संस्थेने आधीच केलेला असतो.

नोंदीपासून वेगापर्यंत

प्रत्येक बस काही सेकंदांच्या ठरावीक अंतराने आपला क्रमांक, मार्ग, वेळ, अक्षांश आणि रेखांश पाठवते. ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणारी बस 30 सेकंदांत 250 मीटर जाते. तेवढ्याच वेळात ती 60 मीटर सरकली असेल, तर तिचा वेग ताशी 7.2 किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसापेक्षा थोडासाच जास्त. हे अंतर सरळ रेषेत मोजून चालत नाही, मार्गाच्या वळणांवरून मोजावे लागते. म्हणून आधी प्रत्येक बिंदू नकाशावरच्या रस्त्यावर नेऊन बसवतात. या नकाशा-जुळणीचे काम टॅक्सीसाठी किचकट असते, कारण ती कोणत्या गल्लीत शिरली तेही शोधावे लागते. बसचा बिंदू ठरलेल्या मार्गरेषेवर सरकवला की बहुतेक वेळा भागते. उंच इमारतींच्या रांगांमधून जाताना उपग्रहांचे संदेश भिंतींवर आपटून येतात आणि बिंदू शेजारच्या रस्त्यावर पडतो, तेव्हाही मार्ग ठाऊक असल्याचा उपयोग होतो. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता ही मात्र खरी डोकेदुखी. नकाशावर दोन्ही एकावर एक, जीपीएसने दिलेली उंची फारशी भरवशाची नाही, आणि पुलावरून जाणारी बस एखाद्या दिवशी चालकाने खालून घेतली तर पुलावर नसलेली कोंडी नकाशात उमटते.

नागरी वापरासाठी जीपीएसची अचूकता एकाएकी वाढली ती 2 मे 2000 रोजी. नागरी संदेशांत मुद्दाम मिसळली जाणारी चूक अमेरिकेने तेव्हा बंद केली. त्याआधीच्या अनेक बसयंत्रणा खांबांवर लावलेल्या रेडिओ-खुणा आणि चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजणारा ओडोमीटर यांच्यावर चालत. सिएटलमधील यंत्रणा याच प्रकारची होती. तिच्या नोंदी घेऊन वॉशिंग्टन विद्यापीठातील डॅनियल डेली आणि फ्रेडरिक कॅथी यांनी बसला वाहतुकीचे संवेदक म्हणून वापरण्याचे काम केले. ते 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. तुटक नोंदींमधून सलग वेग काढण्यासाठी त्यांनी कालमन फिल्टर वापरला. नव्या नोंदीवर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही, आधीच्या अंदाजालाही चिकटून राहायचे नाही, दोघांच्या अनिश्चिततेच्या प्रमाणात मधला मार्ग काढायचा, असे हे गणित आहे. रस्त्यावर काहीही न पुरता हव्या त्या जागी ‘कल्पित संवेदक’ उभा करता येतो, हे त्यातून दिसले.

थांब्याचा प्रश्न

बस थांब्यावर उभी असते, सिग्नलला उभी असते, कोंडीत अडकलेली असते, आणि कधीकधी वेळेआधी पोचली म्हणून वेळापत्रक जुळवत मुद्दाम उभी असते. नुसत्या नोंदीत या चारही गोष्टी सारख्याच दिसतात: जागा तीच, वेग शून्य. पहिल्या आणि शेवटच्या कारणाचा रस्त्याशी काही संबंध नाही. ही दोन बाजूला काढली नाहीत तर गर्दीच्या प्रत्येक थांब्यापाशी नकाशा लाल होतो.

सोपा उपाय म्हणजे थांब्याभोवतीच्या ठरावीक अंतरातल्या नोंदी टाकून देणे. पण थांबा चौकाच्या अलीकडे असला तर सिग्नलची रांगही त्याच अंतरात येते, आणि मोजायची तीच गोष्ट केराच्या टोपलीत जाते. दारे उघडल्या-मिटल्याची नोंद असेल तर थांब्यावरचा वेळ वजा करता येतो. तरीही दिवा लाल आहे म्हणून चालक दार उघडेच ठेवतो आणि धावत आलेल्या दोघांना घेतो, तेव्हा तो वेळ कुणाच्या खात्यावर टाकायचा? याला नेमके उत्तर नाही. थांब्यावरचा वेळ वजा केला तरी वेग कमी करण्यात आणि पुन्हा वेग घेण्यात गेलेली सेकंदे उरतात. मोटारीपेक्षा जड आणि सावकाश वेग घेणाऱ्या बसच्या बाबतीत ती थोडी नसतात.

अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट या परिवहन संस्थेची यंत्रणा दोन थांब्यांमधला बसचा कमाल वेगही नोंदवत असे. मोटारींचा वेग ताडण्यासाठी संशोधकांनी त्याचाही आधार घेतला आणि जीपीएस लावलेली चाचणीची मोटार त्याच रस्त्यावर फिरवून पडताळा पाहिला. युक्ती चांगली आहे, पण कमाल वेग हा बसचा सर्वांत सुखाचा क्षण असतो. त्यावरून रस्ता ठरवला तर तो आहे त्यापेक्षा मोकळा वाटण्याचा धोका राहतो.

राखीव बसमार्गिका असेल तर सगळे गणितच उलटते. शेजारच्या मार्गिकांत मोटारी खोळंबलेल्या असतात आणि बस मोकळी निघून जाते. तिथल्या बसचा वेग सर्वांचा वेग म्हणून दाखवणे चुकीचेच. बसला सिग्नलवर प्राधान्य असेल तरी असाच प्रकार होतो. म्हणून बसच्या वेगावरून मोटारीचा वेग सांगण्याच्या भानगडीत न पडता, रस्त्याच्या त्याच तुकड्यावर त्याच वाराला त्याच वेळी बस एरवी जशी जाते तशी आज जाते आहे का, एवढेच पाहिले तर अंदाज जास्त विश्वासाचा होतो. थांबे आणि सिग्नल रोज तेच असतात. फरक पडला तर तो बहुधा रस्त्याचा असतो.

सरासरीतला सापळा

एका किलोमीटरच्या तुकड्यावरून एक बस ताशी 10 आणि दुसरी ताशी 30 किलोमीटर वेगाने गेली, तर सरासरी 20 वाटते. प्रत्यक्षात पहिलीला 6 मिनिटे लागली, दुसरीला 2. दोघींनी मिळून 8 मिनिटांत 2 किलोमीटर कापले, म्हणजे ताशी 15. इथे अंकगणितीय सरासरी चालत नाही, हरात्मक मध्य, म्हणजे इथे एकूण अंतर भागिले एकूण वेळ, घ्यावा लागतो. दिसायला किरकोळ असलेली ही चूक कोंडी नेहमी कमीच दाखवते.

दुसरा सापळा बस पाठोपाठ येण्याचा. दर 10 मिनिटांनी बस असलेल्या मार्गावर तासाला एका दिशेची सहाच निरीक्षणे मिळतात. कोंडी वाढली की मागची बस पुढचीला गाठते, दोघी एकत्र येतात आणि मग वीस मिनिटे रस्त्यावर कुणी नसते. नोंदी दोन, पण खबर एकच. माहिती सर्वांत जास्त हवी असते तेव्हाच ती अशी गोळा होऊन येते.

शिकागो आणि डब्लिन

या पद्धतीचे सर्वांसाठी खुले असलेले एक मोठे उदाहरण म्हणजे शिकागो शहराचा ‘शिकागो ट्रॅफिक ट्रॅकर’. तो शिकागो ट्रान्झिट अथॉरिटीच्या बसच्या जीपीएस नोंदींवरून, द्रुतगती मार्ग वगळून, शहरातल्या मुख्य रस्त्यांवरच्या कोंडीचा अंदाज दर 10 मिनिटांनी काढतो. अंदाज दोन पातळ्यांवर दिले जातात. एक रस्त्याच्या साधारण अर्ध्या मैलाच्या, म्हणजे सुमारे 800 मीटरच्या एकेरी तुकड्यांचा. असे तुकडे सुमारे 300 मैल रस्त्यांवर आहेत. दुसरा 29 विभागांचा. ओ’हेअर विमानतळाचा परिसर सोडला तर त्यांत सगळे शहर येते.

तुकड्याचा आकडा फार उड्या मारतो. चौक, सिग्नल आणि लहान लांबी यांमुळे एकच तुकडा काही मिनिटांत तुंबलेला आणि पुन्हा मोकळा दिसू शकतो. विभागाचा आकडा जास्त काळ टिकतो, पण त्यातून अमुक रस्ता घ्यावा की नाही हे कळत नाही. नेमकेपणा आणि स्थैर्य यांपैकी एक निवडावे लागते. शिकागोने दोन्ही समोर ठेवले आणि निवड वाचणाऱ्यावर सोडली. ज्या तुकड्याचा अंदाज त्या घडीला उपलब्ध नसतो तिथे वेगाच्या जागी -1 असते. हा -1 न वगळता सरासरी काढली की मोकळा रस्ताही रांगताना दिसतो.

डब्लिनच्या नगरपरिषदेने नोव्हेंबर 2012 आणि जानेवारी 2013 मधल्या बसच्या नोंदी अभ्यासासाठी खुल्या केल्या. त्यांत वेळ, मार्ग आणि अक्षांश-रेखांशांबरोबर वेळापत्रकापासूनचा फरक सेकंदांत दिलेला आहे; बस वेळेआधी असेल तर तो उणे. बस थांब्यावर आहे का आणि कोंडीत आहे का, याचे 0 किंवा 1 असे वेगळे रकानेही आहेत. उशिराचा आणि कोंडीचा रकाना वेगळा असणे महत्त्वाचे: सकाळी आगारातूनच उशिरा निघालेली बस मोकळ्या रस्त्यावरही दिवसभर उशिराच दिसते.

बसची ताजी माहिती सर्वांना एकाच साच्यात मिळावी म्हणून 2011 मध्ये ‘जीटीएफएस रिअलटाइम’ हा प्रमाण आराखडा आला. त्यात प्रत्येक बसच्या नोंदीसोबत कोंडीची पातळी लिहिण्याची ऐच्छिक सोय आहे: सुरळीत, थांबत-थांबत, कोंडी आणि तीव्र कोंडी. तीव्र कोंडी म्हणजे काय, याचे आराखड्यातच दिलेले स्पष्टीकरण असे की लोक मोटारी सोडून निघाले आहेत. तांत्रिक दस्तऐवजात इतके चित्रदर्शी वाक्य क्वचितच सापडते.

मर्यादा

बस वेग सांगते, संख्या सांगत नाही. रस्त्यावरून तासाला किती गाड्या गेल्या हे वेटोळे किंवा कॅमेराच सांगू शकतो. वेग का पडला, अपघातामुळे, पावसामुळे की खोदकामामुळे, हेही तिला ठाऊक नसते. जिथे बस जात नाही ते रस्ते, आणि शेवटची बस गेल्यानंतरची रात्र, कोरीच राहते. मोबाइल फोनवरून मिळणाऱ्या माहितीत निरीक्षणे कितीतरी जास्त असतात, पण ती मुख्यतः खासगी कंपन्यांच्या ताब्यात असते आणि कशी गाळली गेली हे बाहेरच्याला दिसत नाही. बसची नोंद विरळ असली तरी सार्वजनिक संस्थेच्या हातात राहते आणि वर्षानुवर्षे जपून ठेवता येते. त्यामुळे सिग्नलची वेळ बदलण्याआधी आणि नंतर काय फरक पडला, किंवा कोणत्या रस्त्यावर बसमार्गिका हवी, यासाठी ती जास्त उपयोगी पडते.

प्रत्यक्ष कामात बराच वेळ नोंदी निवडण्यात जातो. आगारात इंजिन चालू ठेवून उभी असलेली बस तासभर शून्य वेग पाठवते. शेवटच्या थांब्यावर विश्रांती घेणारी बस कोंडीत असल्यासारखी दिसते. यंत्रात मागच्या फेरीचा मार्ग तसाच राहिला तर बस दिशा उलटी करून धावताना दिसते. आणि बिघडलेली बस ओढून नेली जात असते तेव्हाही तिचे यंत्र निमूटपणे जागा कळवत राहते.