पन्नीतल्या दोन गोळ्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझे मामा राहतात. आयुष्यभर खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाल्ला, तोंडाचा कॅन्सर झाला, ऑपरेशननंतर पुन्हा उलटला. नागपूरहून मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या मिळाल्या, आठवड्यातून एकदाच घ्यायच्या. त्या पन्नीत गुंडाळून फडताळात ठेवलेल्या असत.

पावसाळ्यात लघवीला जळजळ सुरू झाली. गावातल्या दवाखान्यातून को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक मिळालं. मामांनी पन्नी दाखवली नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, "हे लघवीचं, ते कॅन्सरचं. याचा न् त्याचा काय संबंध?"

आठ दिवसांत तोंड आलं. ओठांच्या आतली साल सोलवटली, पेजही गिळवेना. आजारच वाढला, असं घरच्यांनी धरून चाललं. रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी फार खाली गेलेल्या.

संबंध होता तो फोलेटचा. नवी पेशी तयार व्हायची तर डीएनए लागतो आणि डीएनएसाठी फोलेट हे जीवनसत्त्व. शरीरातलं एक एन्झाइम फोलेट वापरण्याजोगं करतं. मेथोट्रेक्झेट नेमकं तेच अडवतं, म्हणून भराभर वाढणारी गाठ उपाशी राहते. को-ट्रायमॉक्साझोलमधलं ट्रायमेथोप्रिम जंतूंचं हेच एन्झाइम बंद पाडतं. माणसाच्या एन्झाइमवर त्याची पकड एरवी अगदी ढिली असते, पण मेथोट्रेक्झेटने आधीच कोंडी केलेली असताना तेवढीही भारी पडते. शिवाय को-ट्रायमॉक्साझोलमधला सल्फा घटक मूत्रपिंडातून मेथोट्रेक्झेट नीट बाहेर पडू देत नाही, ते रक्तात साचतं. तोंडाची आतली त्वचा आणि रक्तपेशी बनवणारा हाडांतला मगज यांच्या पेशी सतत नव्या होतात, म्हणून पहिला फटका त्यांनाच. मामांना फोलिनिक ॲसिड, म्हणजे फोलेटचं तयार रूप, दिलं. ते अडवलेलं एन्झाइम टाळून पेशींपर्यंत पोचतं.

कॅन्सरच्या इतर काही गोळ्यांचं गणित यकृतात बिघडतं. रक्ताच्या एका कॅन्सरवर इमॅटिनिब देतात. त्याच रुग्णाला टीबी होऊन रिफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक सुरू झालं, तर यकृत इमॅटिनिबचा इतका लवकर फडशा पाडतं की रक्तात जेमतेम पाव हिस्सा उरतो. रोज नेमाने गोळी घेऊनही आजार डोकं वर काढू शकतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक नेमकं उलटं करतं, इमॅटिनिब रक्तात साचवतं. त्याच कॅन्सरवरच्या निलोटिनिब या गोळीसोबत ॲझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स घेतली तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो.

हे वाचून कुणी अँटिबायोटिकच टाळू नये, ही कळकळीची विनंती. कॅन्सरच्या गोळ्या चालू असताना 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, एसटी चुकली तर कुणाची तरी गाडी मागून. जंतुसंसर्ग अशा माणसाला तासांत आडवा करतो. फक्त पन्नी सोबत न्यायची आणि विचारायच्या आधीच टेबलावर ठेवायची. बहुतेक वेळा दुसरं अँटिबायोटिक सापडतं, किंवा थोडे दिवस कॅन्सरची गोळी थांबवतात. तो निर्णय मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांचा.

मामांच्या पन्नीत आता वहीचा एक कागद असतो. भाचीने स्केचपेनने लिहिलंय: 'मेथोट्रेक्झेट. फक्त रविवारी. सल्फा चालत नाही.' खाली नागपूरचा फोन नंबर.