फेब्रुवारीतले 300 रुपये

महाराष्ट्रात नोकरदाराच्या पगारपत्रकावर महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर कापलेला दिसतो. फेब्रुवारीत तोच आकडा 300 होतो, कारण वर्षाचे 2500 कुठेतरी जुळवायचे असतात. अर्थसंकल्प जवळ आला की 'राज्याची तूट कमी कशी करावी' यावर सामान्य नागरिकापासून जो तो आपापली सूचना मांडतो. अशा सूचनांचं पुढे काय होतं, ते या कपातीइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

हा कर आला तो रोजगार हमीसाठी, म्हणजे खेड्यात काम मागेल त्याला सरकारने काम देण्याच्या योजनेसाठी. तिची कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते, त्यामुळे त्यांना निव्वळ 'सामान्य नागरिक' म्हणता येणार नाही. पण कल्पना आली ती सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी तासगाव भागातून, आणि 1965 मध्ये पहिला प्रयोगही तिथेच झाला. 1972च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली. मग प्रश्न पैशांचा. उत्तर असं निघालं की ज्याच्या हाताला बारमाही काम आहे, त्याने बिनकामाच्या माणसासाठी थोडं द्यावं. 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. सोबत बागायती जमिनीवर, वाहनांवर, शहरातल्या बिगरनिवासी इमारतींवर जादा आकारणी बसली; दुकानाच्या मालमत्ता कराच्या बिलावरचा 'रोजगार हमी उपकर' तो हाच. या करांतून जेवढा पैसा जमा होईल तेवढाच आणखी सरकारने आपल्याकडून घालायचा, असं ठरलं. हमीचा कायदा 1977चा, अंमल 26 जानेवारी 1979पासून.

सगळा बोजा तुटीवर न टाकता एवढी मोठी योजना उभी राहिली, ही साधी गोष्ट नाही. पण पुढे केंद्राचा रोजगार हमी कायदा आला आणि मजुरीचा मोठा वाटा दिल्लीने उचलला, तरी इथली कपात चालूच राहिली. 2015च्या दुष्काळात पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये जादा कर चढला, तेव्हा जुन्या लोकांना म्हणूनच नवल वाटलं नाही. कर ज्या कारणासाठी येतो ते कारण सरतं, कर राहतो.

दुसऱ्या जातीच्या सूचना काटकसरीच्या. मंत्र्यांच्या गाड्या कमी करा, आमदारांचं निवृत्तिवेतन बंद करा. ही तक्रार आजची नाही. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यातही रोख सरकारी कामगारांच्या, म्हणजे अंमलदारांच्या, भलत्या पगारांवर आणि पेन्शनींवर आहे. तो पैसा शेतकऱ्याच्या सारापट्टीतून जातो, हे त्यांचं म्हणणं. आमदारांच्या निवृत्तिवेतनावर चिडणं रास्तच, पण तेवढ्याने तिजोरीला फरक पडत नाही. वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जाचं व्याज या तीन बाबींतच राज्याच्या महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग जातो, आणि त्यांना हात लावणं किती अवघड, हे मंत्रालयात कुणालाही विचारा. केंद्राइतका महागाई भत्ता मिळावा म्हणून डिसेंबर 1977 मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी संप केला, तो 54 दिवस चालला. 1 नोव्हेंबर 2005पासून पुढे लागलेल्यांची जुनी पेन्शन सरकारने बंद केली. मार्च 2023 मध्ये तीच परत मागत कर्मचारी पुन्हा संपावर गेले आणि सरकारला सुधारित योजनेपर्यंत यावं लागलं.

कागदावर उपाय पुष्कळ झाले. सुशीलकुमार शिंदे अर्थमंत्री असताना 1986च्या सुमारास शून्याधारित अर्थसंकल्प आला. मागच्या वर्षी एवढे मिळाले म्हणून यंदा दहा टक्के वाढवून द्या, हे बंद. प्रत्येक योजनेने आपली गरज नव्याने पटवून द्यायची. कल्पना उत्तम होती, पण नको असलेली योजना म्हणजे कुणाचा तरी मतदारसंघ असतो. 2005 मध्ये तुटीला मर्यादा घालणारा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा झाला. मार्च 2025च्या अंदाजपत्रकातली राजकोषीय तूट, म्हणजे वर्षाचा सगळा खर्च भागवायला काढावं लागणारं कर्ज, सुमारे 1 लाख 36 हजार कोटींची. राज्याच्या अर्थव्यवस्थेतल्या एकूण उत्पन्नाच्या (सरकारच्या महसुलाच्या नव्हे) तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत. बोचते ती 45,891 कोटींची महसुली तूट. ही रोजच्या खर्चासाठी काढलेली उसनवारी, तिच्यातून ना धरण उभं राहतं ना रस्ता.

लोकांनी पैसा वाचवून दाखवला, असं एक उदाहरण मला सगळ्यांत पटतं: 2000 साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना सुरू झालेलं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान. सरकारने बक्षिसं ठेवली. गटारं उपसली, रस्ते झाडले, संडास बांधले ते गावाने, स्वतःच्या श्रमाने आणि वर्गणीने. बक्षिसाच्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त किमतीचं काम अशा गावांत उभं राहिलं. अर्थात बक्षीस मिळाल्यावर झाडू पुन्हा कोपऱ्यात गेल्याचीही गावं आहेत.

पुणे महापालिका 2006पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी अर्ज घेते. राज्याच्या तुटीशी त्याचा थेट संबंध नाही, पण तो अर्ज पाहण्यासारखा आहे. पदपथ, बाक, दिवे, काय हवं ते लिहायचं. काय नको, हे लिहायला त्यात जागा नाही.