डाळ बंद, गुळाचा चहा चालू

मामांच्या रक्तातलं युरिक ॲसिड 7.9 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) निघालं आणि त्याच संध्याकाळी घरात तूरडाळ, पालक, टोमॅटो बंद झाले. गुळाचा चहा मात्र दिवसातून चार वेळा चालूच. गूळ औषधी, म्हणून तो जरा सढळ हातानेच. ही गल्लत घरोघरी दिसते. प्युरिन, म्हणजे शरीरात ज्याचं युरिक ॲसिड होतं तो घटक, जास्त असलेल्या भाज्यांनी गाऊटचा (युरिक ॲसिडच्या स्फटिकांनी सांधे सुजण्याचा) धोका वाढत नाही, मांस-मासळीने वाढतो, असं अमेरिकेतल्या हजारो पुरुषांच्या पाहणीतून 2004 सालीच पुढे आलं. 2008 मध्ये दुसरी गोष्ट कळली. रोज दोन किंवा अधिक गोड शीतपेयं पिणाऱ्यांना गाऊटचा धोका, महिन्यात एकही न पिणाऱ्यांपेक्षा 85 टक्क्यांनी जास्त होता.

साखरेत तर प्युरिन नावालाही नसतं. मग हे युरिक ॲसिड येतं कुठून?

पेशीच्या स्वतःच्या तिजोरीतून! साखरेचा रेणू फुटला की अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. ग्लुकोजच्या वाटेवर यकृतात एक नाका आहे, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाचं विकर (एन्झाइम). पेशीत ऊर्जा पुरेशी असली की तो माल अडवतो. फ्रुक्टोज हा नाका चुकवून आडवाटेने जातं. त्याला फ्रुक्टोकायनेज हे विकर एटीपीमधलं (एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तेही प्युरिनचंच बनलेलं) फॉस्फेट काढून चिकटवतं आणि या विकराला ‘पुरे’ म्हणणारं कुणी नाही. ग्लासभर सरबत एका दमात प्यायलं की यकृतातला एटीपी झपाट्याने उतरतो, त्याचा एक फॉस्फेट कमी असलेला एडीपी होतो. दोन एडीपी मिळून एक एटीपी पुन्हा उभा करतात, मागे आणखी एक फॉस्फेट कमी असलेला एएमपी उरतो. एरवी तोही परत वापरात येतो, कारण त्याला मोडणारं विकर, एएमपी डिअमिनेज, मोकळ्या फॉस्फेटच्या दाबाखाली असतं. पण आता फॉस्फेट फ्रुक्टोजला अडकलेलं. दाब उठतो आणि एएमपीची मोडतोड सुरू होते: आयएमपी, इनोसिन, हायपोझँथिन, झँथिन आणि शेवटी युरिक ॲसिड. गाऊटवरचं औषध ॲलोप्युरिनॉल या शेवटच्या पायऱ्यांवरच बोट ठेवतं.

सगळा खेळ मात्रेचा आणि वेगाचा आहे. चावून खाल्लेल्या पेरूतलं फ्रुक्टोज थोडं असतं आणि चोथ्यासोबत हळूहळू येतं, म्हणून पेरूला घाबरायचं कारण नाही.

बहुतेक सस्तन प्राणी युरिकेज या विकराने युरिक ॲसिडचा निकाल लावतात. आपल्या पूर्वजांतलं ते जनुक सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी निकामी झालं. त्यामुळे आपल्या रक्तात त्याची पातळी मुळातच चढी. 6.8 च्या वर गेली की सांध्यात स्फटिक धरू शकतात.

मात्र मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, सगळ्याचं मूळ युरिक ॲसिड, असे जे व्हिडिओ फिरतात, त्यांच्यावर माझा विश्वास नाही. रक्तात इन्सुलिन वाढलं की मूत्रपिंडं युरिक ॲसिड कमी बाहेर टाकतात. म्हणजे बिघाड आधी आणि वाढलेला आकडा नंतर, असंही होतं. ॲलोप्युरिनॉल देऊन मूत्रपिंडाची झीज थांबते का, हे 2020 मध्ये दोन चाचण्यांत तपासलं, थांबली नाही. फ्रुक्टोजपासून यकृतात चरबी तयार होते, तो धोका वेगळा, आणि तो युरिक ॲसिड उतरवणाऱ्या गोळीने टळत नाही.

आणि गूळ? तो बहुतांश साखरच.

मामांची डाळ परत सुरू झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “आमटीत गूळ किती घातलास गं?”

“सुपारीएवढा,” मामी म्हणाली, “सगळ्या घराला मिळून.”