तीनशे कोटींतलं एक अक्षर

डीएनए, जीन, क्रोमोसोम, जीनोम हे शब्द बातम्यांमध्ये इतके एकमेकांत मिसळून टाकतात की ऐकणाऱ्याला वाटतं सगळं एकच असेल. मला तरी व्याख्या पाठ करून ते कधी कळले नाहीत, पेपर दिला की विसरलो. कळले ते सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे, कारण तिथे सगळा घोळ एका अक्षराचा आहे आणि त्या अक्षराचा माग काढत गेलं की वाटेत हे सगळे शब्द भेटतातच.

डीएनए म्हणजे लांबलचक साखळी, तिच्यात चारच अक्षरं आलटून पालटून येतात: ए, टी, जी, सी. अशा दोन साखळ्या समोरासमोर, ए पुढे टी, जी पुढे सी, जोड्या ठरलेल्या. माणसाच्या एका संचात साधारण 300 कोटी जोड्या भरतात, हा अख्खा मजकूर म्हणजे जीनोम, आणि आईकडून एक नि वडिलांकडून एक असे दोन संच आपल्या बहुतेक पेशींत असतात. एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर दोनेक मीटर भरेल, तो इवल्याशा केंद्रकात मावावा म्हणून प्रोटीनवर गुंडाळून त्याच्या 46 गुंडाळ्या केलेल्या असतात, तीच गुणसूत्रं, म्हणजे क्रोमोसोम. आणि जीन, आपलं जनुक, हा त्यातला एक तुकडा, बहुतेक वेळा एखादं प्रोटीन कसं बनवायचं हे सांगणारा. प्रोटीनवाले जीन वीसेक हजार आहेत. पण प्रोटीनची प्रत्यक्ष कृती लिहिलेला भाग एकूण मजकुराच्या दोन टक्केसुद्धा नाही!

आपलं अक्षर 11 नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, हिमोग्लोबिन हे रक्तातलं ऑक्सिजन वाहणारं प्रोटीन, त्याच्या बीटा नावाच्या साखळीच्या जीनमध्ये. पेशी आधी जीनची आरएनए या डीएनएच्या भावंडात नक्कल काढते आणि मग ती तीन-तीन अक्षरं करून वाचते, तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनच्या माळेतला एक मणी. सहाव्या जागी जीएजी हवं, त्याचं होतं ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमध्ये तिथे जीटीजी असतं. मधल्या ए चा टी झाला, बस, याला म्युटेशन म्हणतात. आता ग्लुटामिकच्या जागी व्हॅलिन येतं आणि व्हॅलिनचं पाण्याशी जमत नाही, त्यामुळे ऑक्सिजन सोडून मोकळं झालं की एक हिमोग्लोबिन दुसऱ्याला चिकटतं, दुसरं तिसऱ्याला, आत लांब दोरे तयार होतात आणि गोल तांबडी पेशी वाकून विळ्यासारखी होते. मग ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि पेशंटला भयंकर वेदना होतात.

चुकीची प्रत आई-वडील दोघांकडूनही आली तर हा आजार होतो, एकच आली तर माणूस वाहक, म्हणजे कॅरिअर, त्याला सहसा त्रास नसतो, उलट गंभीर मलेरियापासून बरंचसं संरक्षण मिळतं, म्हणूनच हे म्युटेशन मलेरियाच्या प्रदेशांत टिकून राहिलं. दोघं वाहक असतील तर मुलाला आजार व्हायची शक्यता 25 टक्के. इथे लोक हमखास गफलत करतात, चार मुलांत एकच आजारी असा हिशोब लावतात. तसं नसतं हो, प्रत्येक मुलाच्या वेळी फासे नव्याने पडतात.

बायोटेक्नॉलॉजीतली कात्रीसुद्धा इथेच बघून घ्या. बॅक्टेरियांकडे असे एन्झाइम असतात जे ठराविक अक्षरं दिसली की तिथेच डीएनए कापतात, याच कात्र्या वापरून 1978 मध्ये माणसाच्या इन्शुलिनचं जीन बॅक्टेरियात घातलं गेलं आणि 1982 पासून ते इन्शुलिन औषध म्हणून मिळू लागलं. त्यातली एक कात्री, एमएसटी-टू, बरोबर त्या सहाव्या जागेपाशी कापते. पण ए चा टी झालेला असेल तर तिला ती जागा ओळखूच येत नाही, तुकडा न कापता लांबच राहतो. 1982 च्या सुमारास तुकड्याची लांबी बघून सिकलसेलचं निदान करायला लागले ते असं. मला ही युक्ती फार आवडते, अक्षर वाचायची गरजच नाही, कात्री चालली की नाही एवढंच बघायचं.

आणि क्रिस्पर? ही कात्री पत्ता सांगू तिथे जाते, वीसेक अक्षरांचा आरएनए तिला वाट दाखवतो. 2023 मध्ये ब्रिटनने सिकलसेलवरच्या पहिल्या क्रिस्पर उपचाराला परवानगी दिली. तयार तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, डीएनएच नाही तर कापणार काय, म्हणून रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढतात, बदलतात आणि केमोथेरपीने जागा करून परत सोडतात. पण ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करतच नाहीत! गर्भात असताना आपल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी वेगळ्या जीनवरून बनलेली साखळी असते, जन्मानंतर ते जीन जवळजवळ बंद होतं. कात्री फक्त ते बंद करणाऱ्या जीनचा रक्तपेशींतला स्विच तोडते, आणि गर्भातलं ते हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. चुकीचा टी आहे तिथेच राहतो, आणि बीजपेशींना, म्हणजे शुक्राणू-अंड्यांना, कोणी हात लावलेला नसल्यामुळे बरा झालेला पेशंट आपल्या मुलांना तोच टी देतो.