ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं गाणं आणि ऑर्केस्ट्रावर चढवलेलं गाणं

आवाज आणि ऑर्केस्ट्रासाठीची, फारशी न ऐकलेली पाश्चात्त्य गाणी शोधायला लागलात की दोन प्रकार हाताला लागतात आणि रेकॉर्डिंग ऐकताना दोन्ही एकच वाटतात. एक म्हणजे संगीतकाराने पहिल्यापासून ऑर्केस्ट्रा डोक्यात ठेवून लिहिलेलं गाणं, आणि दुसरं मूळचं पियानोसोबतचं, ज्याला नंतर ऑर्केस्ट्राचा साज चढला. आता हा साज चढवला कोणी, हे बघायचं बरेच जण विसरतात.

वाग्नरची वेझेंडोंक गाणी घ्या. १८५७-५८ मधली पाच गाणी, पियानोसाठीची. त्यातलं एकच वाग्नरने स्वतः छोट्या ऑर्केस्ट्रासाठी केलं, बाकी चारांचा जो भरदार आवाज आपण वाग्नरचा म्हणून ऐकतो तो फेलिक्स मॉट्ल या कंडक्टरचा आहे. शूबर्टच्या ‘एर्लक्योनिग’चं तर बर्लिओझ आणि लिस्ट दोघांनीही १८६० मध्ये ऑर्केस्ट्रेशन केलं, हाच तो साज, म्हणजे गाणं तेच पण ऐकायच्या गोष्टी दोन. श्ट्राउसचं ‘त्सुआइग्नुंग’ही तसंच: गाणं १८८५ चं, ऑर्केस्ट्रेशन एक रोबर्ट हेगरचं १९३२ चं आणि एक खुद्द श्ट्राउसचं १९४० चं. गाण्याच्या शेवटी ‘हेलेना’ हे नाव ऐकू आलं तर ते ऑर्केस्ट्रेशन श्ट्राउसचं समजा.

पण म्हणून दुसरा प्रकार कमी दर्जाचा असं अजिबात नाही हं. श्ट्राउसने १८९४ चं ‘मॉर्गन’ १८९७ मध्ये स्वतःच ऑर्केस्ट्रासाठी केलं आणि पियानोतली सुरुवातीची धून सोलो व्हायोलिनला दिली. ती धून चालू असतानाच आवाज असा अलगद आत येतो की गाणं कधी सुरू झालं ते कळतच नाही, आणि मला तरी पियानोपेक्षा हेच जास्त आवडतं.

पहिल्या प्रकारात मात्र ऑर्केस्ट्रा काढून घेतला तर गाण्याचा जीवच जातो. सिबेलिअसचं ‘लुओन्नोतार’ (१९१३) ऐका, जेमतेम नऊ-दहा मिनिटांचं, व्हायोलिन-व्हिओलांची कुजबुज चालू आणि वर सोप्रानो (उंच पट्टीची गायिका) एकटी, सुमारे दोन सप्तकं फिरणारी. सिबेलिअसने त्याची पियानो आवृत्तीही केली, त्यामुळे पियानोवर ऐकलं म्हणून मूळही पियानोचंच असेल असं धरून चालू नका.

आणि खरं दुर्लक्ष होतं ते याच प्रकाराचं. पियानोचं गाणं दोघांत उभं राहतं, इथे दहा मिनिटांसाठी अख्खा ऑर्केस्ट्रा, वर एक महागडी गायिका, म्हणून कार्यक्रम ठरवणारे सिंफनीच निवडतात. तर शोधताना सरळ संगीतकाराची कामांची यादी उघडा, ‘आवाज आणि ऑर्केस्ट्रा’ हा विभाग बघा आणि रेकॉर्डिंगच्या माहितीत ऑर्केस्ट्रेशन कोणाचं ते नाव वाचा, दुसरंच नाव दिसलं की गाणं दुसऱ्या प्रकारातलं. झेमलिन्स्कीची माटरलिंकच्या कवितांवरची गाणी, ग्रीगची सहा ऑर्केस्ट्रा गाणी अशीच सापडतील, दोन्ही जरूर ऐका. दोन्ही आधीच्या गाण्यांवरून, पण साज ज्याचा त्याचाच.

शोसाँचं ‘पोएम द लामूर ए द ला मेर’ (म्हणजे प्रेमाचं आणि समुद्राचं काव्य) पण सोडू नका. दोन मोठी गाणी आणि मध्ये फक्त ऑर्केस्ट्राचा तुकडा, जवळपास अर्धा तास. त्याचा शेवटचा भाग लायलॅकच्या फुलांचा, तो पियानोसोबत सुटा इतका गायला जातो की कित्येकांना तो भाग पाठ असतो आणि त्याच्या आधीचा तो सगळा समुद्र त्यांनी ऐकलेलाच नसतो.