'नोवो' आणि 'अरुनोदइ': इटालियन-असमिया तुलनेची पार्श्वभूमी

सात या आकड्यापासून सुरुवात करू. लॅटिनमध्ये 'सेप्तेम', त्याचं इटालियनमध्ये झालं 'सेत्ते'. संस्कृतात 'सप्त', प्राकृतात 'सत्त', आपल्याकडे आणि असमियात 'सात'. आठाचंही तसंच: 'ओक्तो'चं 'ओत्तो', 'अष्ट'चं 'अट्ठ' आणि पुढे 'आठ'. जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन दुसऱ्यात विरवून द्वित्त करायचं, हा बदल दोन्हीकडे आपापला घडला. इटालियन त्या पायरीवर थांबली. आपण आणि असमियाने द्वित्त सोडून अ-चा आ केला. असमियात 'सात' असं लिहितात खरं, पण त्यातला स घशातून येतो, आपल्या ख आणि ह यांच्या मधला.

तुलना इथवर आली की बहुतेक लेख लिंग, वचन, विभक्तीकडे वळतात. इटालियनमध्ये नामाला लिंग आहे, असमियात व्याकरणाचं लिंग नाही, हे कुठेही वाचायला मिळेल. या दोन भाषा शेजारी ठेवण्याजोग्या वाटतात त्या एका शब्दामुळे: बोली.

आपण 'बोली' म्हणतो तेव्हा वऱ्हाडीसारखं काही डोळ्यांपुढे येतं, प्रमाण मराठीच्याच घरातलं. इटलीतला 'दिआलेत्तो' तसा नाही. तिथे मुलीला प्रमाण भाषेत 'रागात्सा' म्हणतात, नेपल्सकडे 'ग्वाल्योना', सिसिलीत 'पिच्योत्ता', व्हेनेतोत 'तोझा'. या बोली इटालियनच्या मुली नव्हेत, लॅटिनच्या पोटी जन्मलेल्या तिच्या बहिणी. फ्लोरेन्सच्या बहिणीला चौदाव्या शतकात थोर कवी लाभले, सोळाव्या शतकात पंडितांनी तिलाच वळण मानलं, आणि बाकीच्या 'दिआलेत्ती' ठरल्या. तरी १८६१ साली देश एक झाला तेव्हा इटालियन बोलता येणारे शंभरात अडीच होते असा एक अंदाज आहे, आणि दुसरा, अधिक उदार अंदाजही दहाच्या आसपासच थांबतो.

आसाममध्ये हाच शब्द हत्यार म्हणून वापरला गेला. १८२६च्या इंग्रज आणि ब्रह्मदेश यांच्यातल्या यांदाबो तहानंतर कंपनीचं राज्य आलं आणि १८३६ साली कचेऱ्या आणि शाळांची भाषा बंगाली झाली. असमिया ही बंगालीची गावंढळ बोली, तिला वेगळी वागणूक कशाला, असा त्यामागचा युक्तिवाद. चौदाव्या शतकापासून जिच्यात रामायण आहे, आहोम राजांच्या बखरी, म्हणजे 'बुरंजी', ज्या गद्यात लिहिल्या गेल्या, त्या भाषेबद्दल हे बोललं गेलं. या निर्णयाचं खापर आजही बंगाली कारकुनांवर फुटतं. मला ते पुरतं पटत नाही. बंगाली लिहिणारी माणसं आयती मिळत होती आणि सरकारला सोय हवी होती. निर्णय घेणारा हात सरकारचाच होता.

विरोध दोन बाजूंनी उभा राहिला. १८५५ साली एका असमिया अधिकाऱ्याने 'एक देशी माणूस' एवढीच ओळख देऊन इंग्रजीत पुस्तिका लिहिली आणि असमिया स्वतंत्र भाषा असल्याचं मांडलं. ती छापली शिवसागरच्या अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्यांच्या छापखान्यात. याच छापखान्यातून १८४६पासून असमियातलं पहिलं मासिक निघत होतं. त्याच्या नावाची अक्षरं पाहा: 'अरुनोदइ'. संस्कृत वळणाने 'अरुणोदय' लिहायला हवं होतं. पण असमिया तोंडात ण आणि न वेगळे राहिलेले नाहीत, तेव्हा जसं बोलतात तसं लिहायचं, असं मिशनऱ्यांनी ठरवलं. १८६७चा त्यांचा शब्दकोशही याच वळणाचा. ही 'जशी बोलतात तशी' भाषा कुणाची, तर शिवसागरच्या परिसराची. पश्चिमेकडच्या कामरूपची बोली त्यात मागे पडली, आणि ती सल तिथे बराच काळ राहिली.

आता इटली. १८६८ साली मिलानच्या एका वयोवृद्ध कादंबरीकाराने सरकारला अहवाल दिला: आजच्या फ्लोरेन्समध्ये बोलतात तीच भाषा शाळाशाळांतून देशभर न्यावी. त्या विचाराचा शब्दकोश १८७०पासून निघू लागला. नव्याला इटालियनमध्ये 'नुओवो' म्हणतात, पण फ्लोरेन्सच्या बोलण्यात त्याचं 'नोवो' झालं होतं, म्हणून मुखपृष्ठावर शब्दकोशाच्या नावातही 'नोवो'. एका भाषाशास्त्रज्ञाने या एका शब्दावर बोट ठेवून १८७३ साली आपल्या नव्या नियतकालिकाला दीर्घ प्रस्तावना लिहिली. आल्प्सपासून सिसिलीपर्यंत लिहिणारे सगळे 'नुओवो' लिहितात, मग एका शहराच्या उच्चारासाठी ते का सोडायचं? भाषा हुकमाने पसरत नाही, लिहिणारी-विचार करणारी माणसं देशभर वाढली की ती आपोआप घडते, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्या बाजूने आहे.

आणि नेमकं १८७३ सालीच आसामच्या कचेऱ्या आणि शाळांत असमिया परत आली. तोवर ३७ वर्षं उलटली होती. शाळेत गेलेली अख्खी पिढी बंगालीतच अक्षर शिकून मोठी झाली होती.

लेखनाच्या वादात दोन्हीकडे 'बोलू तसं लिहू' हा पक्ष हरला. १९००चा मोठा असमिया शब्दकोश संस्कृत वळणाकडे परतला, आणि ण पुन्हा जागेवर आला. इटलीत 'नुओवो' टिकलं. फ्लोरेन्सचे लोक दोन स्वरांमधल्या क-चा ह करतात, 'ला कासा'ला 'ला हासा' म्हणतात. प्रमाण भाषेने तेही घेतलं नाही. असमियाने मात्र आपला घशातला स प्रमाण भाषेतही जपला.

विसाव्या शतकात बाजू पालटल्या. इटलीत १९५४पासून दूरचित्रवाणीने इटालियन घरोघर नेली, ते शाळांना जमलं नव्हतं. आसाममध्ये १९६० साली असमिया राजभाषा झाली, तेव्हा दक्षिण आसामातल्या बराक खोऱ्यातल्या बंगाली भाषकांना तीच भीती वाटली जी कधी असमियांना वाटली होती. १९ मे १९६१ रोजी सिलचरच्या रेल्वे स्थानकावर पोलिसांच्या गोळीबारात ११ जण गेले. पुढे तिथे बंगालीला मान्यता राहिली.

इटलीच्या १९४८च्या राज्यघटनेत इटालियन ही राजभाषा असल्याचं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते आलं १९९९च्या कायद्यात, जो खरं तर १२ अल्पसंख्य भाषांच्या रक्षणासाठी होता. त्या यादीत सार्डिनियन आहे, फ्रिउलियन आहे. नेपल्स आणि सिसिलीच्या भाषा नाहीत. कोकणीला १९७५ साली स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता मिळेपर्यंत आपल्याकडे जे ऐकू येत होतं, ते आठवलं तर या वगळण्याचा अर्थ मराठी माणसाला वेगळा सांगावा लागू नये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने पाच भाषांना अभिजात दर्जा दिला. असमिया आणि बंगाली त्यात स्वतंत्र भाषा म्हणून होत्या. सोबत मराठी होती, पाली होती, आणि सात-ला 'सत्त' म्हणणारी प्राकृतही.